मनकर्णाबाईंचा खुलासा

मनकर्णाचं हसणं मोठं होतं. नगर-सोलापूर रस्त्याला लागून मिरजगावात त्यांची वस्ती, आणि सासू म्हणायची, हिचं हसू पार रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना ऐकू जातं. त्यावर मनकर्णा आणखी हसायची. "जाऊ द्या की आत्याबाई, त्यातला एक ट्रक तुमच्याच लेकाचा असंल."

नवरा कानिफनाथ खरोखरच ट्रकवर होता. सोलापूर, पुणे, मुंबई, कधी पार गुजरात. आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचा, दोन दिवस झोपायचा, लेकीला खांद्यावर घेऊन गावातून मिरवून आणायचा आणि परत गाडीवर. शेत थोरला दीर आदिनाथ बघायचा. मनकर्णाकडे एक जर्सी गाय, घरचं खुरपण-काढणी आणि दुसरीत शिकणारी सीमा. गाईचं दूध ती स्वतः डेअरीवर घालायची, आणि फॅट कमी लागली की तिथल्या माणसाशी अशी भांडायची, की मागं उभी असलेली माणसं आपापल्या किटल्या खाली ठेवून ऐकत राहायची. सातवीपर्यंत शिकलेली होती. फॅटच्या मीटरवरचा आकडा तिला दुसऱ्यानं वाचून दाखवावा लागत नव्हता.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कानिफनाथ ताप घेऊन घरी आला तो परत गाडीवर गेलाच नाही. ताप उतरायचा, चढायचा. जुलाब थांबेनात. पावसाळा लागेपर्यंत अंगावर नुसती हाडं उरली. आदिनाथनं त्याला नगरला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि जे सांगायचं ते आदिनाथला बाजूला घेऊन सांगितलं. आदिनाथनं ते मनकर्णाला सांगितलं दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली, तिच्याकडं न बघता.

"एड्स म्हनत्यात त्याला."

"म्हंजी काय अस्तंय?"

"वाईट रोग हाय. बाहेरख्याली मानसाला व्हतो. कुनाला बोलू नगं. इच्यारलं तर टीबी सांगायचं."

मनकर्णा आत जाऊन नवऱ्याच्या खाटेशी बसली. तिला त्याला खूप काही विचारायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या, गदागदा हलवायचं होतं. पण त्याला पाण्याचा घोटसुद्धा धड गिळता येत नव्हता. श्रावणात तो गेला. भांडायला समोर माणूसच उरला नाही, ही गोष्ट तिला त्याच्या जाण्याइतकीच झोंबली.

गावात टीबी सांगितलं. लोकांनी ते मानलं किंवा मानल्यासारखं केलं. माणसं भेटायला आली, बायका गळ्यात पडून रडल्या, शेजारणींनी आळीपाळीनं भाकरी आणून दिल्या. रीतीप्रमाणं सगळं झालं.

दहाव्याच्या आधी काकासाहेब घरी आले. काकासाहेबांचा स्टँडवर टेलिफोनचा बूथ होता. त्याच टपरीत नगरच्या एका दैनिकाची एजन्सी, आणि त्याच दैनिकाचे मिरजगावचे वार्ताहरही तेच. कानिफनाथ परगावाहून निरोप द्यायचा तो त्यांच्याच बूथवर. त्यामुळं माणूस घरच्यासारखा. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला, सासूचं सांत्वन केलं, आणि मनकर्णाला म्हणाले, "वैनी, कानिफचा येखादा फोटो असंल तर द्या. पेपरात श्रद्धांजली लावू. लई भला मानूस हुता."

फोटो एकच होता. सोलापूरच्या स्टुडिओत काढलेला. मागं पडद्यावर रंगवलेलं तळं, पुढं खुर्चीवर कानिफनाथ आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी मनकर्णा, हसू दाबायच्या नादात गाल फुगलेले. तिनं तो भिंतीवरून काढला, पदरानं पुसला आणि दिला.

"येकलाच हाय बरं का भाऊजी. परत द्या."

"उद्या आनून देतो," काकासाहेब म्हणाले.

दहावा झाला, तेरावं झालं. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी मनकर्णा किटली घेऊन डेअरीवर गेली तर रांग बाजूला सरली. तिला आधी वाटलं, दुखवट्याची बाई म्हणून वाट देतायत. डेअरीवरच्या माणसानं किटलीकडं बघितलं, पण हात लावला नाही.

"आज ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

"का? मशीन बंद हाय?"

त्यानं मागच्या माणसाची किटली पुढं ओढली. मागून कुणीतरी म्हणालं, "पेपर बघ जा मनकर्णा."

ती तशीच किटली घेऊन स्टँडवर गेली. काकासाहेबांच्या टपरीपुढं कधी नव्हे एवढी गर्दी होती. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त अंक मागवले होते, हे तिला नंतर कळलं. एका हॉटेलच्या बाकड्यावर पेपर पडला होता. पहिल्याच पानावर, खालच्या बाजूला, तिला रंगवलेलं तळं दिसलं. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'मिरजगावात एड्सचा शिरकाव, ट्रकचालकाचा बळी, पत्नीही विळख्यात?'

तिनं बातमी उभ्या उभ्या सगळी वाचली. कानिफनाथचं पूर्ण नाव होतं, तिचं होतं, वस्तीचं होतं. दवाखान्यातल्या 'खात्रीलायक सूत्रांचा' हवाला होता. महामार्गावरच्या ढाब्यांचं वर्णन होतं. पुढं लिहिलं होतं की मयताची पत्नी गावात दूध घालते, त्यामुळं ग्रामस्थांत घबराट आहे. मनकर्णाला कळेना, काल रात्रीपर्यंत तर कुणात घबराट नव्हती. शेवटी आरोग्य खात्यानं तातडीनं लक्ष घालावं अशी मागणी होती. दवाखान्यात खाटेवरचं कार्ड कुणी वाचलं आणि कुणाला सांगितलं, हे तिला कधीच कळलं नाही.

ती टपरीशी गेली. गर्दी आपोआप फाकली.

"भाऊजी, तुमी श्रद्धांजली म्हनला हुता."

काकासाहेब गल्ल्यात काहीतरी शोधू लागले. "वैनी, मी निस्ती मयताची बातमी धाडली. हेडिंग नगरला करत्यात. माझ्या हातात काय न्हाई."

"आन् फोटू? माझं तोंड कशापायी छापलं?"

"एकाच फोटूत हुता तुमी दोघं. कापला असता तर कानिफचा खांदा गेला असता."

कुणीतरी खुसखुसलं. मनकर्णानं दुधाची किटली उचलली आणि टपरीच्या फळीवर, पेपरांच्या गठ्ठ्यावर, ओतून दिली. तेवढाच एक दिवस तिनं गावाला काही परत दिलं. फोटो तिला मिळाला नाही. नगरला हरवला म्हणून सांगितलं.

त्यानंतर गाव हळूहळू तिच्यापासून मागं सरकलं. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही, त्यानं जास्तच अवघड झालं. गिरणीवाला आधी तिचं दळण शेवटी घ्यायचा, मग म्हणाला, पट्टा तुटलाय. पट्टा तिच्यापुरताच तुटला होता. हापशावर ती गेली की बायका हंडे उचलून लांब उभ्या राहत, आणि ती पाणी भरून निघाली की दांडा राखेनं घासत. शाळेत सीमाला दारापाशी वेगळ्या पोत्यावर बसवलं. पोरीनं घरी येऊन विचारलं, "आई, आपल्याला काय झालंय?"

"काय न्हाई झालं."

"मग बाई का म्हनल्या, कुनाचा हात धरू नको?"

आदिनाथला दोन लेकी होत्या, थोरली लग्नाची. एका संध्याकाळी तो मनकर्णाच्या चुलीपुढं येऊन बसला. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याचा आवाज खाली होता.

"मनकर्णा, नेवाशाचं पाव्हनं यायचं हुतं. निरोप आला, येत न्हाईत. मी कुनाकुनाचं तोंड धरू?"

"मला न्हाई काय झालं भाऊजी."

"तुला कसं म्हाईत?"

हाच प्रश्न तिलाही रोज पडत होता. गेले कित्येक दिवस साधा खोकला आला तरी ती कपाळाला हात लावून ताप बघत होती.

उत्तर शोधायला ती सरकारी दवाखान्यातल्या यशोधरा सिस्टरकडं गेली. यशोधरा मूळची खर्ड्याची. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, बाप शिक्षक, भाऊ नगरला वकिली शिकत होता. जे चुकीचं आहे ते कुठंतरी लिहून द्यायचं, सोडायचं नाही, असं त्या घराचं वळण. मनकर्णा दारात उभी राहिली तेव्हा यशोधरानं तिचा हात धरून तिला आत आणलं, स्टुलावर बसवलं. बातमी आल्यापासून मनकर्णाच्या हाताला लागलेला तो पहिला परका हात. ती तिथंच ओक्साबोक्शी रडली.

यशोधरानं तिला स्वतः नगरला नेऊन रक्त तपासून घेतलं. तीन महिन्यांनी परत नेलं, कारण एकदा तपासून खात्री होत नाही. सीमाचंही तपासलं. दोघींनाही काही नव्हतं. दुसऱ्या वेळी रिपोर्ट हातात पडला तेव्हा मनकर्णानं तो एसटीत पुन्हा पुन्हा वाचला, आणि घरी आल्या आल्या आदिनाथपुढं धरला. त्यानं वाचला. घडी घालून परत दिला.

"बरं झालं," तो म्हणाला. "पर ह्यो कागद तू आन् मी वाचला. पेपर समद्या तालुक्यानं वाचलाय."

"मग हे बी पेपरात छापू."

यशोधरा आणि मनकर्णा नगरला पेपरच्या कचेरीत गेल्या. संपादक सभ्य माणूस होता. त्यानं बसायला सांगितलं, चहा मागवला. यशोधरानं रिपोर्ट टेबलावर ठेवला. संपादकानं हात पुढं केला, मग थांबला, आणि टेबलावरची फुटपट्टी उचलून तिच्या टोकानं तो कागद स्वतःकडं ओढला. मनकर्णा त्या फुटपट्टीकडं बघत राहिली.

"निगेटिव्ह आहे. अभिनंदन," तो वाकून वाचत म्हणाला.

"मग हे छापा," यशोधरा म्हणाली. "तुम्ही ह्यांना एड्स आहे असं छापलंत."

"तसं कुठं छापलंय, सिस्टर? नीट वाचा. 'पत्नीही विळख्यात' आणि पुढं प्रश्नचिन्ह. आम्ही विचारलंय फक्त."

"कुनाला इच्यारलं?" मनकर्णा म्हणाली. "मला तर न्हाई इच्यारलं."

संपादक हसला, ओशाळून नव्हे, समजूत घालायला. "बाई, तुमचं दुःख मला कळतं. पण वृत्तपत्राचं एक असतं. 'एड्स नाही' ही बातमी होत नाही. उद्या मी 'मिरजगावात काल आग लागली नाही' असं छापू का? आणि आमच्या बातमीनं जनजागृतीच झाली की. लोक सावध झाले."

चहा आला. मनकर्णानं कपाला हात लावला नाही. तिनं रिपोर्ट उचलला आणि फुटपट्टीही उचलली. ती तिनं खिडकीतून खाली टाकली. "इटाळली ती," ती म्हणाली, आणि जिना उतरली.

तक्रारीचं यशोधराच्या भावानं सुचवलं. दिल्लीला वृत्तपत्रांवर देखरेख करणारी एक परिषद असते, पेपरनं चूक केली तर साध्या माणसालाही तिच्याकडं जाता येतं. यशोधरानं मनकर्णाला ते समजावून सांगितलं.

"ती त्यास्नी तुरुंगात घालंल?"

"नाही."

"दंड?"

"तेही नाही. पेपर चुकला असं ती लेखी सांगते, आणि तो निर्णय छापायला लावते."

"येवढंच?"

"एवढंच."

मनकर्णानं थोडा विचार केला. "तेवढं तरी हूं द्या."

तक्रार गेली. उत्तरं, खुलासे, पुन्हा उत्तरं असं सुरू झालं, आणि ते सगळं दिल्लीच्या सावकाश गतीनं. पण गावात जगायचं रोज होतं. गाय आदिनाथकडं दिली. सीमा शाळेत जायला नाही म्हणू लागली. शेवटी यशोधरानं तिच्या नर्सिंगच्या मैत्रिणीला पत्र टाकून जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात राजूरला, मनकर्णासाठी काम बघितलं. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला मदतनीस. राहायला खोली, पोरीला तिथलीच शाळा.

मिरजगावच्या कोरड्या माळावरून आलेल्या बाईला राजूरचा पाऊस आधी सहन होईना. कपडे वाळत नव्हते, सरपण पेटत नव्हतं, धुकं दारातून आत यायचं. पण तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. ह्या सुखाची किंमत पूर्वी तिला ठाऊक नव्हती. ती नुसती बाजारातून चालत गेली आणि कुणी वळून बघितलं नाही, तरी तिला बरं वाटायचं.

स्वयंपाकघरात मुख्य बाई होत्या सुमनबाई. पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी त्यांनी मनकर्णाची भाकरी बघून "ही भाकर हाय का रस्त्यावरचा पॅच?" असं विचारलं, आणि चौथ्या दिवशी सीमाच्या डोक्याला तेल लावून वेण्या घातल्या. दोघी दुपारी एकाच ताटात जेवायच्या. नवरा कशानं गेला ते सुमनबाईंनी एकदा विचारलं, मनकर्णा "तापानं" म्हणाली, विषय संपला. हळूहळू मनकर्णाला पूर्वीसारखं मोठ्यानं हसू यायला लागलं. वसतिगृहातल्या पोरी तिची नक्कल करायच्या. सीमा चौथीत गेली, वर्गात पहिल्या बाकावर बसू लागली.

मधे एकदा सुनावणी झाली. दिल्लीहून आलेली समिती पुण्यात बसणार होती. यशोधरा रजा काढून आली, दोघी पुण्याला गेल्या. मोठ्या खोलीत लांब टेबलामागं माणसं बसली होती. मध्यभागी एक म्हातारे निवृत्त न्यायाधीश. पेपरचा वकील प्रश्नचिन्हावर बराच वेळ बोलला. न्यायाधीशांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि दुभाष्यामार्फत मनकर्णाला विचारलं, "तुम्हाला काय हवंय, बाई?"

तिनं ते वाक्य वाटभर घोकलं होतं. "माझ्याबद्दल छापलं ते खोटं हुतं, असं त्यांनी छापावं. जसं ते छापलं तसंच. मोठ्यानं."

न्यायाधीशांनी मान हलवली. बाहेर आल्यावर यशोधरा म्हणाली, "बघितलंस? ऐकून घेतलं त्यांनी." मनकर्णालाही तसंच वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांच्या टेबलापुढं तिला कुणी मधे तोडलं नव्हतं. त्या दिवशी दोघींनी स्वारगेटला मिसळ खाल्ली.

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हा निकाल लागला. निकाल तिच्या बाजूचा होता. पेपरनं खातरजमा न करता एका सामान्य स्त्रीच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ केली, प्रश्नचिन्ह टाकल्यानं जबाबदारी टळत नाही, निर्णय पेपरनं ठळकपणे छापावा, असं परिषदेनं लिहिलं. निकालाची प्रत यशोधराकडं पोस्टानं निघाली. पण त्याआधी ती पेपरकडं पोचली होती.

पेपरनं हुकूम पाळला, अगदी मनापासून पाळला. पहिल्या पानावर, चौकटीत, छापलं: 'मिरजगावच्या "त्या" महिलेस एड्स नाही'. खाली मनकर्णाचं पूर्ण नाव. कानिफनाथचं नाव, त्याचा रोग, त्याचा ट्रक. पूर्वीच्या बातमीचा सविस्तर सारांश, वाचकांना संदर्भ लागावा म्हणून. हरवलेला फोटोही सापडला होता. आणि शेवटी एक ओळ: 'श्रीमती मनकर्णा सध्या राजूर (ता. अकोले) येथील मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचे काम करतात.' पत्ता तक्रारीच्या कागदांतच होता. तक्रार करणाऱ्याचा चालू पत्ता दिल्लीला लागतो म्हणून बदललेला पत्ता कळवावा लागला होता, आणि कागदाची एक प्रत पेपरला जातच होती.

राजूरला पेपर दुपारच्या गाडीनं यायचा. मनकर्णा तेव्हा पोरींना वाढत होती. संध्याकाळच्या जेवणाला निम्म्या पोरी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-तीन पालक ऑफिसात येऊन बसले होते, आणि अधीक्षकांनी तिला बोलावलं. त्यांच्यापुढं तो पेपर उघडा होता.

"मनकर्णाबाई, हे मी पूर्ण वाचलंय. तुम्हाला काही नाही, हे इथं स्पष्ट लिहिलंय."

"व्हय साहेब."

"मी सुशिक्षित माणूस आहे, मला कळतं. पण लोक..." त्यांनी पालकांकडं नजर टाकली. "लोक एवढंच वाचतात." त्यांचं बोट मोठ्या अक्षरांतल्या एका शब्दावर होतं. "काही दिवस तुम्ही स्वयंपाकघरात नसलेलंच बरं."

"काही दिवस म्हंजी किती?"

अधीक्षकांनी पेपरची घडी घातली.

स्वयंपाकघरात सुमनबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही. म्हणाल्या, "मला सांगायचंस तरी."

"काय सांगायचं हुतं, सुमनताई? मला न झालेला रोग?"

सुमनबाईंचे डोळे भरून आले. पण मनकर्णा एक पाऊल पुढं आली तशा त्या एक पाऊल मागं सरल्या. "माझी सून पोटुशी हाय गं," त्या म्हणाल्या. "मी तुला वाईट म्हनत न्हाई. पर घरात बाळ यायचंय." आणि कोपऱ्यातलं मनकर्णाचं ताट त्यांनी चिमट्यानं उचलून तिच्या पिशवीशी आणून ठेवलं. मनकर्णाला ते इतक्या वर्षांत झालेल्या सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

त्याच दिवशी दुपारी संगमनेरच्या गाडीनं यशोधरा आली. निकालाची प्रत तिला आदल्या दिवशी मिळाली होती. पेपर तिनं बघितला नव्हता. पावसात भिजत ती खोलीच्या दारात उभी राहिली, हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा फुललेला.

"जिंकलो आपण! मनकर्णा, जिंकलो! बघ काय लिहिलंय..."

मनकर्णा बांधलेल्या वळकटीवर बसली होती. शेजारी सीमा, दप्तर पोटाशी धरून. मनकर्णानं पेपर पुढं केला.

यशोधरा उभ्यानं वाचायला लागली आणि खाली बसली. शेवटच्या ओळीपर्यंत आली तेव्हा तिचा आवाज बदलला. "पत्ता... पत्ता तर मीच कळवला होता."

"तुमी चांगल्यासाठी केलं, सिस्टर."

"आपण परत तक्रार करू. हे मुद्दाम केलंय त्यांनी. हा अपमान आहे निर्णयाचा."

"करू की," मनकर्णा म्हणाली. "मग ते परत छापत्याल, मनकर्णाबाईंचा पत्ता छापायला नको हुता म्हनून. संग पत्ता आन् फोटू." ती हसली. पण ते तिचं हसू नव्हतं. सीमा आईकडं बघून भेदरली.

यशोधरानं निकालाची प्रत मांडीवर उलगडली. तिच्या घरात तीन पिढ्या लिहिल्या कागदावर विश्वास ठेवून वर आल्या होत्या. त्या कागदानं न्याय दिला होता, एक शब्दही चुकीचा लिहिला नव्हता, आणि समोर ही बाई वळकटीवर बसलेली होती. पेढ्यांचा पुडा पावसानं मऊ पडला. तो कुणीच उघडला नाही.

मनकर्णा मिरजगावला परत गेली नाही. तिथं जायला काही उरलं नव्हतं, आणि तिसऱ्या गावी जायची तिच्यात ताकद नव्हती. कुठं जायचं? जिथं जाईल तिथं पेपर जाणारच होता. राजूरपासून वर डोंगरात एका वाडीवर तिला आवणीचं काम मिळालं. भात लावायला पावसात गुडघाभर चिखलात बाया कमी पडत होत्या. ज्या शेतकरणीनं तिला कामावर घेतलं तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी तिच्या कानावर घातलं तेव्हा ती म्हणाली, "चिखलात उभी ऱ्हाती का न्हाई येवढं सांगा." आवणीनंतर खुरपणी, मग नाचणी, मग वरई. एका पडवीत राहायला जागा मिळाली. सीमा रोज वाडीवरून उतरून राजूरला शाळेत जायची आणि परत चढून यायची. शाळेत ती आता मागच्या बाकावर बसायची. कुणी बसवलं नव्हतं, आपणहून बसायची. मैत्रीण केली नाही तिनं कुठली. घरी आली की आईला काही सांगायची नाही, आणि मनकर्णाही विचारायची नाही.

यशोधरा पत्रं टाकायची. दुसरी तक्रार तिनं स्वतःच्या जबाबदारीवर केली, ह्या वेळी नाव गुप्त ठेवावं अशी विनंती आधी लिहून. त्याचं काय झालं ते मनकर्णानं कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात, भात झोडणीच्या दिवसांत, वाडीवर एक तरुण मुलगा मोटरसायकलवरून आला. गळ्यात कॅमेरा, अंगात जीनची पँट. त्यानं स्वतःचं नाव योगेश सांगितलं. तो दुसऱ्या पेपरचा होता. एड्स दिनानिमित्त त्यांच्या पेपरची पुरवणी निघणार होती.

"काकू, तुमच्यावर फार मोठा अन्याय झालाय," तो कळवळून म्हणाला, आणि तो कळवळा खरा होता. "तुमची झुंज समाजापुढं यायला पाहिजे. आम्ही त्यांच्यासारखे नाही. आदरानं छापू."

मनकर्णा खळ्यात भाताच्या पेंढ्या आपटत होती. ती थांबली नाही. "नाव छापनार?"

"तुमची हरकत नसेल तर. नाहीतर बदलू."

"आन् वाडीचं नाव? मिरजगाव? ट्रक?"

"ते... त्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही, काकू."

आता ती थांबली. कपाळावरचा घाम पुसून त्याच्याकडं नीट बघितलं. पोरगा चांगल्या घरचा वाटत होता.

"तुजी आई हाय का?"

"आहे की. संगमनेरला असते."

"तिला काय दुखनं?"

तो गोंधळला. "आहे... थोडंसं."

"काय हाय? मला सांग. कुठल्या दवाखान्यात जाती, काय गोळ्या खाती, तुजा बाप तिच्याशी कसा वागतो. समदं सांग. मी आदरानं ऐकते. ह्या बायांना बी बोलावते."

खळ्यातल्या बाया काम थांबवून बघायला लागल्या होत्या. पोरगा लालबुंद झाला. मग वही खिशात घालून "येतो काकू" म्हणाला आणि गेला. जाता जाता वळणावर त्यानं मोटरसायकल थांबवली. त्यानं मागं वळून कॅमेरा डोळ्याला लावला की नुसता रुमाल काढला, हे एवढ्या लांबून मनकर्णाला नीट दिसलं नाही.

ते छापून आलं का, हे तिनं कुणाला विचारलं नाही. पण त्या आठवड्यात आणि त्याच्या पुढच्याही आठवड्यात ती राजूरच्या बाजाराला उतरली नाही. मीठ संपलं होतं, ते शेजारणीकडून उसनं घेतलं.